बँकेत सारखं ‘उद्या या’ ऐकायला लागतंय? मग तक्रार अशी करा

बँकेच्या काउंटरवर आवाज चढवून कोणाचं काम झालेलं मी फारसं बघितलं नाही, झालंच तर त्या दिवसापुरतं होतं आणि पुढच्या वेळी तोच माणूस तुम्हाला बघून मान खाली घालून बसतो. काम होतं ते कागदाने. तारीख घातलेला, सही केलेला, पोच घेतलेला अर्ज गेला की विषय शाखेच्या हातातून निघून वरच्या ऑफिसपर्यंत जातो, आणि वर उत्तर द्यायला लागणार हे कळलं की महिनोन्महिने न हललेली फाईल हलते. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकं तोंडी बोलून मोकळी होतात, एसटी चुकेल म्हणून घाईत निघतात, घरी येऊन पडवीत बसून बँकेला शिव्या घालतात आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हे लिहितोय. लांबलंय जरा, पण वाचा, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना वाचून दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगतो, काउंटरवरचा मुलगा किंवा मुलगी आपला शत्रू नाही. तालुक्याच्या शाखेत माणसं कमी, त्यात पावसात लाईट जाते, लिंक जाते, आणि वरून पॉलिसी विकायचं टार्गेट डोक्यावर. त्यांच्यावर ओरडून ते टार्गेट कमी होत नाही. पण म्हणून सत्तर वर्षांच्या माणसाला वैभववाडीच्या एखाद्या वाडीतून भाडं घालून परत परत बोलवायचं आणि दर वेळी नवीन कागद मागायचा हे चालवून घ्यायचं असं नाही. माणसाशी नीट बोला आणि बँकेशी लेखी बोला, एवढं पाळलंत तरी अर्धी लढाई सोपी होते.

सुरुवात पासबुकापासून. पासबुक भरून आणा, आणि एक ओळ पण न सोडता वाचा. आमच्या शेजारच्या काकींचं पासबुक वर्षभर भरलेलंच नव्हतं, त्या मला विचारत होत्या, “माजे पैशे खंय गेले रे?” आणि पासबुक भरून आणल्यावर बघितलं तर थोडे थोडे करून गेलेले, एकीकडे मिनिमम बॅलन्सचा दंड, एकीकडे एसएमएसचे पैसे, एटीएम कार्डाचा वार्षिक चार्ज (कार्ड त्यांनी पाकिटातून बाहेर काढलेलंच नव्हतं), आणि मे महिन्यात २० रुपयांची एक एन्ट्री जिच्याबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पेन्सिल घ्या, न कळलेल्या प्रत्येक ओळीला खूण करा, त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. हीच तुमची तक्रार, बाकी सगळं ती नीट मांडणं.

त्या २० रुपयांबद्दल इथेच सांगतो कारण कोकणात हे माहिती असणं फार गरजेचं आहे. २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाताचा, १८ ते ७० वयापर्यंत. ४३६ रुपये कापले असतील तर तो जीवनज्योती विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी मिळतो, पण ५५ वर्षांपर्यंतच. दोन्ही दोन लाखांचे आणि दोन्ही चांगले आहेत, पण सही नसताना कापले असतील तर फॉर्म दाखवा म्हणून लेखी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांच्या पासबुकात मे-जूनच्या आसपास २० किंवा ४३६ ची एन्ट्री शोधा. माडावरून पडून, साप चावून, होडी उलटून बुडून माणसं जातात आपल्याकडे, आणि घरच्यांना माहितीच नसतं की दोन लाखांचा विमा होता. सर्पदंश किंवा झाडावरून पडण्याच्या केसमध्ये लगेच दवाखान्यात नेल्याचे कागद लागतात, बुडणं किंवा रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसात नोंद लागते. दावा शक्यतो ३० दिवसांत त्याच बँकेत द्यायचा. बँक आपणहून फोन करून हे सांगेल याची वाट बघू नका.

आता अर्ज. लोकं इथे अडतात कारण त्यांना वाटतं इंग्लिशमध्ये लिहायला लागेल. अजिबात नाही, मराठीत लिहा. ग्राहकांना लागणारे छापील फॉर्म, पासबुक, स्लिपा हे सगळं इंग्लिश, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्ही भाषांत ठेवा असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे, तेव्हा “हिंदी में लिख के दो” म्हणाले तर शांतपणे मराठीतलाच कागद पुढे करा. अर्ज एका पानाचा असू दे. जुनी सगळी दुःखं त्यात ओतू नका, एका अर्जात एकच तक्रार. साधारण असा:

“प्रति, शाखा व्यवस्थापक (बँकेचं आणि शाखेचं नाव). विषय: बचत खात्यातून पूर्वसूचना न देता कापलेल्या रकमेबाबत तक्रार. महोदय, माझ्या बचत खाते क्रमांक अमुक मधून दि. अमुक रोजी रु. अमुक इतकी रक्कम अमुक नावाने कापली गेली आहे. त्याआधी मला कोणतीही सूचना मिळालेली नाही. ही रक्कम कोणत्या नियमाने कापली ते लेखी कळवावे. सूचना पाठवली असल्यास तिची प्रत द्यावी, नसल्यास रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी. हा अर्ज तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करेन. सोबत: पासबुकाच्या पानाची झेरॉक्स. आपला विश्वासू, नाव, पत्ता, मोबाईल, सही, तारीख.”

तक्रार क्रमांक मागणारी आणि लोकपालांचं नाव घेणारी, या दोन ओळी कधीही गाळू नका. ‘तक्रार म्हणून नोंदवा’ हे मुद्दाम लिहायचं कारण असं की बऱ्याचदा शाखेत किंवा कस्टमर केअरला तुमचं म्हणणं रिक्वेस्ट किंवा चौकशी म्हणून टाकतात, मग नंबर मिळतो खरा, पण दोन दिवसांनी ‘तुमची विनंती बंद करण्यात आली आहे’ असा मेसेज येतो आणि पुढे लोकपालांकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) गेलात की आधी बँकेकडे तक्रार केली होती का यावरच गाडी अडते. फोनवर बोलताना पण हाच शब्द वापरा, मला तक्रार नोंदवायची आहे, तक्रार क्रमांक द्या, आणि तो नंबर आणि तारीख लगेच पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरी आपली ओसी (आपल्याकडे ठेवायची प्रत), तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही. आता इथे खरी गंमत नाही, खरा त्रास सुरू होतो. “साहेब मीटिंगला गेलेत”, “शिक्का साहेबांकडे असतो”, “ठेवून जा, आम्ही बघतो”. ठेवून जायचं नाही. शाखेत तक्रार वही असते, तिची पानं अशी असायला हवीत की त्यातली एक प्रत पोच म्हणून तुम्हाला लगेच फाडून देता येईल, ती वही मागा. वही मागितली की बऱ्याच वेळा शिक्का सापडतो. तेही नाही झालं तर भांडू नका, सरळ पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा. सप्टेंबर २०२५ पासून आपलं जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच घेतलंय, म्हणून पोस्टात सांगताना पोहोचल्याची पोच पाहिजे असं वेगळं सांगायचं. पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. ईमेल करता येत असेल तर शाखेच्या ईमेलवर आणि बँकेच्या मुख्य तक्रार विभागाला एकाच वेळी करा, ईमेलला तारीख-वेळ आपोआप लागते आणि कोणी ‘मिळालंच नाही’ म्हणू शकत नाही. प्रत्येक शाखेत भिंतीवर बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याचं (तक्रारींची जबाबदारी असलेला बँकेचा वरचा अधिकारी) नाव आणि संपर्क लावलेला असायला हवा, त्याचा फोटो काढून ठेवा, नसेल लावलेला तर तीच अर्जात आणखी एक ओळ.

आता ३० दिवस थांबायचं. या काळात आठवण म्हणून एकदा ईमेल किंवा चिठ्ठी द्या, बाकी फेऱ्या मारू नका, फेऱ्यांची कुठे नोंद होत नाही. बँकेने आधीच नाही म्हणून लेखी कळवलं, किंवा अर्धवट उत्तर देऊन फाईल बंद केली, तर ३० दिवसांची पण वाट बघायला नको, लगेच पुढे जाता येतं.

पुढे म्हणजे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आधी बँका, फायनान्स कंपन्या आणि डिजिटल व्यवहार असे तीन वेगळे लोकपाल होते, १२ नोव्हेंबर २०२१ पासून ते एकाच योजनेत आणले. फी नाही. वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही, पण दुसऱ्या कोणाला अधिकारपत्र देऊन पाठवता येतं, म्हणजे आई मालवणला आणि मुलगा डोंबिवलीला असेल तर मुलगा तिच्या वतीने सगळं करू शकतो. ऑनलाइन करायचं असेल तर सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन हे पोर्टल, मोबाईलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, आधी बँकेकडे तक्रार कधी केली ती तारीख टाकायची, अर्ज आणि पोच यांचे फोटो जोडायचे. ऑनलाइन जमत नसेल तर पोस्टाने, पत्ता: सेंट्रलाइज्ड रिसीट अँड प्रोसेसिंग सेंटर, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. चंदीगड बघून घाबरू नका, देशभरातल्या तक्रारी तिथे गोळा होतात आणि पुढे वाटल्या जातात, तुम्हाला कुठे जायला लागत नाही. अडलं तर १४४४८ वर फोन करून विचारा.

२०२१ च्या योजनेप्रमाणे लोकपाल नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि वेळ गेला, खर्च झाला, मनस्ताप झाला त्याबद्दल वेगळे १ लाखापर्यंत द्यायला लावू शकतात. या आकड्यांत आणि मुदतीत बदल होत असतात म्हणून भरायच्या दिवशी पोर्टलवरचे चालू नियम वाचूनच भरा, आणि मुदत आहे म्हणून अजिबात लोळत ठेवू नका. मनस्तापाची रक्कम मागायला लोकं लाजतात. लाजू नका. गाडीभाड्याची तिकिटं, बुडालेली मजुरी, झेरॉक्सचा खर्च हे सगळं लिहा, वेंगुर्ल्याच्या मच्छीमार बाईचा दिवस बँकेत गेला म्हणजे त्या दिवसाचा बाजार गेला, ते नुकसान खरं आहे.

काय चालत नाही ते पण सांगतो म्हणजे फुकट खेप नको. बँकेने कर्ज दिलं नाही एवढ्यावरून लोकपाल कर्ज द्यायला लावत नाहीत, तो बँकेचा धंद्याचा निर्णय धरतात. प्रकरण आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असेल तर घेत नाहीत. आणि आधी बँकेकडे लेखी न जाता थेट लोकपालांकडे गेलात तर तक्रार बंद. मोठ्या सरकारी आणि खाजगी बँका, ग्रामीण बँक, ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका हे सगळे योजनेत आहेत, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती बँका पण आल्या. ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं त्यांची बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, तेव्हा तक्रारीत आणि पोर्टलवर नवीन नाव घाला, आणि आयएफएससी कोड बदललाय का हे शाखेत विचारून घ्या नाहीतर सबसिडी आणि पेन्शनचे पैसे अडकतात. पतसंस्था मात्र यात कुठेच नाही. तिथली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. आणि बँकेतल्या ठेवीला जो ५ लाखांपर्यंत विमा असतो तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्यांनी दोनदा वाचावं.

आता कुठल्या त्रासाला कुठला नियम दाखवायचा ते. अर्जात नियमाचा उल्लेख असला की उत्तर देणाऱ्याची भाषा बदलते.

मिनिमम बॅलन्स: दंड लावायच्या आधी बँकेने कळवायला हवं आणि बॅलन्स भरायला एक महिना द्यायला हवा, दंड जेवढी रक्कम कमी आहे त्या प्रमाणात हवा, आणि फक्त दंडामुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये, हे १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. बऱ्याच सरकारी बँकांनी बचत खात्यावरचा हा दंडच काढून टाकलाय, तुमच्या बँकेने काढलाय का विचारा. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे जमा झाले आणि कितीतरी बायकांचे ते जुन्या दंडापोटी कापले गेले, शेवटी सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. ज्यांच्या खात्यात फक्त पेन्शन किंवा योजनेचे पैसे येतात त्यांनी खातं बेसिक बचत खात्यात बदलून मागावं, त्याला मिनिमम बॅलन्सच नसतो आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे फुकट काढता येतात. ‘असं खातं आमच्याकडे नाही’ म्हणाले तर तेच लेखी द्या म्हणा. दोन वर्षं व्यवहार न झाल्याने खातं बंद पडलं असेल तर ते चालू करायला पैसे घेता येत नाहीत आणि बंद काळातला मिनिमम बॅलन्सचा दंड पण लावता येत नाही.

केवायसी (बँकेला द्यायचे ओळखीचे आणि पत्त्याचे कागद): आपल्याकडे याचा सगळ्यात जास्त छळ होतो तो मुंबईत नोकरी करून गावी परत आलेल्या म्हाताऱ्यांना. खातं परळच्या नाहीतर दादरच्या शाखेत, माणूस राहतो संगमेश्वरात, आणि इथली शाखा म्हणते तुमच्या ब्रँचला जा. जायला लागत नाही. केवायसी त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत अपडेट करता येतं, आणि माहितीत काही बदल नसेल तर ‘बदल नाही’ एवढं स्वतः सही करून लिहून दिलं की पुरतं, नव्याने गठ्ठाभर झेरॉक्स लागत नाहीत. केवायसीची मुदत संपायच्या आधी बँकेने किमान तीन वेळा कळवायला हवं आणि त्यात एकदा तरी पत्राने, हे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये घातलंय. न कळवता खातं गोठवलं असेल तर तक्रारीत हेच विचारा की तीन सूचना कधी पाठवल्या, त्यांच्या तारखा द्या.

एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले: पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये बँकेने द्यायचे, तेही तुम्ही न मागता. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याला मिळाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, नाहीतर तेच १०० रुपये रोज. हे २०१९ पासून आहे आणि मागितल्याशिवाय मिळालेलं मी क्वचितच ऐकलं, म्हणून मागा. मशीनवर लिहिलेला एटीएमचा नंबर आणि वेळ टिपून ठेवा, स्लिप आली तर तिचा लगेच फोटो काढा कारण ती शाई महिन्याभरात उडते.

कोणीतरी खात्यातून पैसे उडवले: आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, मग बँकेला, त्याच तासात. सोमवारी बघू म्हणून थांबू नका. तुमची चूक नसेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं (मेसेज आला तो दिवस धरायचा नाही) तर नुकसान तुमच्यावर येत नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार तुमच्यावर, हा नियम ६ जुलै २०१७ चा. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायला हवी. तुमची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. ओटीपी तुम्हीच सांगितला असला तरी कळवाच, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान.

पॉलिसी: याबद्दल मला खरंच राग आहे. आंब्याचे पैसे जूनमध्ये खात्यात येतात, रिटायर झालेल्या मास्तरांचा फंड येतो, आणि आठवडाभरात केबिनमध्ये बोलावून चहा पाजून “एफडीपेक्षा चांगली स्कीम आहे काका” म्हणून विम्याच्या फॉर्मवर सह्या घेतल्या जातात. पुढच्या वर्षी परत तेवढेच पैसे भरायचा मेसेज आला की मग कळतं. सही करायच्या आधी कागदावर प्रीमियम हा शब्द आहे का बघा, असला तर ती एफडी नाही. सही झालीच असेल तर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, कारण सांगायला लागत नाही, किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. ३० दिवस उलटले असतील तर बँकेकडे आणि विमा कंपनीकडे दोन्हीकडे लेखी तक्रार, आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंद. आणि लॉकर पाहिजे तर पॉलिसी घ्या, कर्ज पाहिजे तर पॉलिसी घ्या असं कोणी म्हणालं तर तुमचा अर्ज लेखी द्या आणि त्यातच लिहा की मला विमा नको आहे.

कर्ज: अर्ज दिला की पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा, तो हक्क आहे. शेतीचं २ लाखांपर्यंतचं कर्ज तारण न घेता द्यायचं असतं, १ जानेवारी २०२५ पासून. मासेमारीलाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, ‘ते फक्त शेतकऱ्यांना’ असं कोणी सांगितलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक) व्यवस्थापकाकडे लेखी कळवा, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही जिल्ह्यांना अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ इंडिया आहे आणि हा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. जिल्हाधिकाऱ्यांसमोर बँकांची बैठक होते त्यात असे विषय घेतले जातात, तेव्हा अर्जाची एक प्रत कलेक्टर ऑफिसला पण टाका. घरकर्ज फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. पीककर्ज फिटलं की बेबाकी दाखला (काही देणं बाकी नाही असा कागद) त्याच दिवशी मागा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का ते स्वतः उतारा काढून बघा, बँकेने कळवलं असेल यावर राहू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, केला तर रेकॉर्ड करा.

घरातलं माणूस गेल्यावर: खात्याला नॉमिनी (आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे म्हणून नोंदवलेला माणूस) लावलेला असेल, किंवा दोघांच्या नावावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ असं खातं असेल, तर कोर्टाचा वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार यातलं काहीही मागता येत नाही. मृत्यूचा दाखला, ओळख, फॉर्म, बस. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या नियमाने १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टात न जाता सोप्या पद्धतीने द्यायचे आहेत, आणि बँकेने उशीर केला तर त्या रकमेवर बँक रेट (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) अधिक ४ टक्के व्याज. बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत विधवा बाईला ‘कोर्टातून कागद आणा’ म्हणून परत पाठवतात, तिथे कोणीतरी बरोबर जाऊन फक्त एवढं विचारा, हे कुठल्या नियमाने मागताय ते लिहून द्या.

लोकपालांनी पण नाही म्हटलं तर निर्णयानुसार ३० दिवसांत अपील करता येतं का ते पत्रातच बघा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. सरकारी बँक असेल तर मधल्या काळात १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तुमच्या तक्रारीवर कोणी काय शेरा मारला ते मागा, खाजगी बँकेला हा कायदा लागत नाही.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणाऱ्यांना एक विनंती. एक सकाळ काढा आणि आई-वडिलांना घेऊन शाखेत जा, पासबुक भरून घ्या, खात्याला मोबाईल नंबर कोणाचा आहे तो बघा (बऱ्याचदा बंद पडलेल्या सिमचा असतो), नॉमिनी लावा, आता चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, केवायसीचा कागद देऊन पोच घ्या, आणि नकळत चालू असलेली एखादी पॉलिसी निघाली तर तिचा अर्ज तिथेच टेबलावर बसून लिहा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको, तेव्हा शाखेत उभं राहायला जागा नसते, गौरी-विसर्जनानंतर जा.